संगणकाचा हजेरीपट



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज मजुरीचा हिशेब आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद संगणकावरच होते. “संगणक अडला आहे, उद्या या” एवढे ऐकून मजुराने रोज बुडवून परत फिरावे काय? यंत्र का अडले हे पाहण्याची सोय त्या यंत्रातच असते. आम्ही ती शाळेत नव्हे, हाताळून शिकलो.

लिनक्स ही प्रणाली १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने सुरू केली. त्याच साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील अव्वल ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. तीच प्रणाली आपल्या अमरावतीच्या एखाद्या कचेरीतील जुन्या संगणकावरही चालते.

आपल्या वऱ्हाडात जिनिंग कोणाला सांगावे लागत नाही. तिथे जसा हजेरीपट, तसा इथे ‘टॉप’. हा शब्द टंकला की चालू कामांची यादी दिसते. प्रत्येक कामाचा क्रमांक, त्याचा धनी, प्रोसेसरचा आणि मेमरीचा त्याने घेतलेला वाटा, सारे दर तीन सेकंदांनी ताजे होते. ‘पीएस’ ही आज्ञा त्या क्षणापुरती यादी देते.

यादीत बहुतेक कामांपुढे ‘एस’ म्हणजे ‘झोपलेले’ असे असते. त्यांना आळशी म्हणू नये. कापसाची गाडी येईपर्यंत फाटकाशी बसलेला हमाल आळशी असतो काय? ‘झेड’ म्हणजे काम संपले, पण ज्याने कामाला लावले त्याने हिशेब करून नाव कमी केले नाही.

मेमरी पाहण्यासाठी ‘फ्री’ ही आज्ञा आहे. तिच्यातला ‘फ्री’चा आकडा लहान दिसला की लोक घाबरतात. वास्तविक लिनक्स रिकामी मेमरी वाया घालवीत नाही. वाचलेल्या फायली तीत जपून ठेवते आणि गरज पडताच ती जागा मोकळी करते. म्हणून ‘अव्हेलेबल’चा आकडा पाहावा. तोही आटला आणि ‘स्वॅप’ भरू लागला, तर मेमरीतला माल संथ डिस्कवर जात आहे असे समजावे. यंत्र रेंगाळते ते बहुधा यामुळे.

मग एखादे काम थांबवावे लागते. साधी ‘किल’ आज्ञा ही नोटीस आहे. कामाला आवरते घेण्यास अवधी मिळतो. ‘किल -९’ ही नोटिशीवाचून बडतर्फी. अर्धवट लिहिलेला मजकूर त्यात बुडू शकतो. म्हणून आधी नोटीस द्यावी.

मेमरी पुरतीच संपली, तर लिनक्स स्वतःच एक काम बळी देते, बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारे. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हा कपातीचा सर्वसाधारण नियम आला. यंत्राचा नियम वेगळा आहे. परंतु कोणत्या कामाला किती गुण पडले, हे आधी वाचता येते.

मित्रहो, आमचे म्हणणे एवढेच. यंत्र मोडीत काढण्याआधी किंवा ते चालवणाऱ्या पोराला दोष देण्याआधी यादी उघडून पाहा. यंत्र आपला हजेरीपट साधारणतः सर्वांना दाखवते. मजुरालाही स्वतःच्या हजेरीचा पट असाच उघडा पाहता आला पाहिजे.