मुक्तीनंतरचे महिनेही आपलेच आहेत



सकाळच्या परिसंवादात एका वक्त्यांनी बजावलं की पोलीस ॲक्शननंतर जे घडलं ते उकरून काढू नका, त्यानं मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाला काळिमा लागतो. त्यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांशी मला भांडायचं आहे, आणि या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून भांडायचं आहे.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. 13 सप्टेंबर 1948ला पोलीस ॲक्शनसाठी भारतीय फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या, हे योग्यच झालं. कासीम रझवीचे निजामधार्जिणे सशस्त्र रझाकार गावं लुटत होते, गोरटा गावात माणसं कापली गेली होती. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. घरदार टाकून लोक वऱ्हाडात पळत होते. निजाम आणि भारत सरकारमधला जैसे थे करार कागदावर होता आणि वाटाघाटी थिजल्या होत्या. या कारवाईला निव्वळ आक्रमण म्हणणाऱ्यांना मी विचारतो, की त्या लोकांनी अजून किती थांबायचं होतं? आपल्या या जालन्यात फौजेला चिवट प्रतिकार झाला. जनार्दन मामा नागापूरकरांचं हौतात्म्य या गावाला कुणी शिकवायला नको.

पण हा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असं सांगणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान कोण होता? ऑगस्ट 1948मध्ये सात मुस्लीम मान्यवरांनी रझाकारांना विरोध करत भारतात सामील होण्याची मागणी केली, आणि ती या तरुणानं छापली. त्याच महिन्यात हैदराबादेत त्याला गोळ्या घातल्या, त्याचा हात तोडला. ज्या बाजूनं आपण उभे होतो, त्याच बाजूनं तो मेला. आपल्या 17 सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या भाषणांत त्याचं नाव किती वेळा येतं?

आता उकरू नये म्हणतात त्याबद्दल, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांबद्दल. निजामाच्या शरणागतीनंतर खुद्द पंडित नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना इकडे पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत त्यांनी संस्थानातल्या 16 पैकी 9 जिल्हे पालथे घातले. त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला, 27 ते 40 हजार मृत्यूंचा होता. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला बसली. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक. या चार जिल्ह्यांत मिळून किमान 5 हजार. जालना जिल्हा झाला 1981ला, त्याआधी आपलं हे जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणजे या आकड्यातला काही भाग आपल्या वेशीच्या आतला आहे.

सरदार पटेलांना तो अहवाल पटला नाही. सरकारनं तो छापला नाही. 2013मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात तो लोकांसमोर आला. आकडे फुगवलेले वाटत असतील तर खोडून काढा, जरूर काढा. पण खोडायलाही आधी वाचावा लागतो!

"रझाकारांनी केलं त्याची ती प्रतिक्रिया होती," असं म्हणतात. ही चीड कुठून आली ते मला कळतं. अहवालही रझाकारांचे अत्याचार लपवत नाही. पण रझवीवर खटला चालला, त्याला शिक्षा झाली, 1957मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. पुढाऱ्याला न्यायालय मिळालं. गावातल्या विणकराला, शेतमजुराला कुठलं न्यायालय मिळालं? त्याचा गुन्हा कोणता होता? त्याच अहवालात हेही आहे, की हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सोबत्यांना वाचवलं आणि त्यात जीवही गमावले. ही माणसं माझ्या मुक्तिसंग्रामाची वारस आहेत. मागचं पान फाडायचं म्हणता, तर यांनाही फाडून टाकणार?

युद्धाला पाठिंबा देणाऱ्यानं युद्धानंतरच्या दिवसांची जबाबदारीही घेतली पाहिजे. मी पाठिंबा देतो, म्हणूनच बोलतो. ज्यांचा त्या कारवाईला विरोध होता, त्यांच्यावर हे काम टाकून मोकळं होता येणार नाही.

अनंत भालेरावांनी मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिला, म्हणून मराठवाड्याला आपला लढा कळला. मुक्तीनंतरच्या महिन्यांसाठीही तसाच दमदार हात हवा, आणि वेळ उरलेला नाही. 1948मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीकडे झुकली आहेत. जुनी सरकारी दप्तरं उर्दूत आहेत आणि ती वाचणारे दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून मी अध्यक्षपदावरून ठराव मांडतो. भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर, घनसावंगी, मंठा, बदनापूर आणि जालना या आठही तालुक्यांत मराठी आणि उर्दू लेखकांनी एकत्र फिरून 1948च्या आठवणी नोंदवाव्यात. रझाकारांच्या काळातल्या आणि नंतरच्याही, एकाच वहीत. सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी ज्यांचा विरोध असेल त्यांनी आता उभं राहून कारणासह सांगावं. मी ऐकून घेईन, उत्तर देईन, आणि मग मतदान घेईन.