फुलपुडी

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'तुझ्या कामाविषयी बोल' असे सुचवण्यात आले तेव्हा मी संकोचले. डॉक्टरांना किंवा प्राध्यापकांना आपले काम एका वाक्यात सांगता येते. माझे तसे नाही. हैदराबादेत घरोघरी पूजेची फुले पोहोचवणाऱ्या एका मोबाइल ॲपचे मी आरेखन करते. पडद्यावर काय दिसावे, कोणत्या शब्दांत दिसावे, बोट कुठे टेकावे आणि ते टेकल्यावर काय घडावे, हे मी ठरवते. चित्रकलेच्या तासाला माझा हत्ती हटकून म्हशीसारखा दिसे, हे आठवणाऱ्या मैत्रिणी समोर बसल्या आहेत. त्यांना एवढेच सांगते, की या कामात चित्र थोडे आणि चौकशी फार असते.

पहिली चौकशी नावांची. गुडिमल्कापूरच्या फुलबाजारात पहाटे उभे राहिले, की एकाच फुलाला तीन-तीन हाका ऐकू येतात. आपला झेंडू तिथे तेलुगूत बंति आणि हिंदीत गेंदा. शेवंती ती चामंति, अबोली ती कनकांबरम्, मोगरा तो मल्ले. आमच्या ॲपच्या यादीत मात्र प्रत्येक फुलाला एकच नाव होते. रोमन अक्षरांत 'शेवंती' लिहून शोधणाऱ्या गृहिणीला 'काही सापडले नाही' एवढेच उत्तर मिळे आणि ती निघून जाई. शेवंतीच्या टोपल्या तर भरलेल्या असत! मी बसून नावांची एक वही केली: प्रत्येक फुलाची सगळी नावे आणि लोक ती जशी लिहितात तशी सगळी शुद्ध-अशुद्ध रूपे. या वहीसाठी मला कोणताही अभ्यासक्रम उपयोगी पडला नाही. वर्गात मराठी, तिसऱ्या भाषेच्या तासाला तेलुगू आणि मैदानावर दखनी, या आपल्या शाळेतल्या सवयीने ती वही लिहिली गेली.

दुसरी चौकशी मापाची, आणि तिने आम्हांला बरेच रडवले. इकडे गुंफलेली फुले मुरावर विकतात. मूर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. माझी आई लांब हाताची फूलवाली शोधत असे. मोजणाराच्या हातावर माप ठरते, हे तिला पक्के ठाऊक होते. आमच्या अभियंत्यांनी मूर म्हणजे 18 इंच असे ठरवून टाकले. लगेच तक्रारी सुरू झाल्या. इंच बरोबर भरत, पण माळ विरळ असे. ग्राहक खरे म्हणजे लांबी विकत घेत नव्हते, भरगच्चपणा विकत घेत होते. शेवटी आम्ही माळेचे छायाचित्र बदलले. पांढऱ्या पार्श्वभूमीवरची देखणी माळ काढून टाकली आणि एका बाईच्या उघड्या हातावर धरलेली साधी माळ घेतली. हात दिसला, की लांबी कळते. दोन कळ्यांमधून त्वचा किती दिसते, यावरून गुंफणही कळते. तक्रारी कमी झाल्या. हा उपाय सुचायला इतके महिने लागले, याचे मला आजही नवल वाटते.

एखादे फूल बाजारात आलेच नाही, तर काय द्यायचे? संगणकाने एका संकष्टीला दूर्वांऐवजी तुळस सुचवली. दोन्ही हिरव्या, दोन्ही पूजेच्या, किंमतही सारखीच! गणपतीला तुळस वाहत नाहीत, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. आता आम्ही आदल्या रात्रीच विचारतो: दुसरे चालेल, की काहीच नको?

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, तो प्रसंग सांगते.

आठवड्यातून एकदा मी ग्राहकांचे दूरध्वनी घेणाऱ्या विभागात जाऊन बसते. एका सकाळी एका मराठी घरातून फोन आला. आवाज थकलेला होता. "ताई, रोजची पुडी बंद कशी करायची, ते सांगता का? सासरे जाऊन आज सातवा दिवस. घरात सुतक आहे आणि फुले रोज कडीला लटकतात. फेकायलाही हात होत नाही." त्यांच्या मोबाइलवर रोज सहा वाजता आमचा हसरा संदेश जात होता: 'आज देवाला फूल वाहिलेत का?' ते वाक्य मीच लिहिले होते.

पुडी थांबवण्याची सोय ॲपमध्ये होती. पण पाच पडदे ओलांडल्यावर. वाटेत 'खरेच थांबवायचे?' असा प्रश्न, मग कारणांची यादी. 'फुले आवडली नाहीत', 'किंमत जास्त वाटते', 'गावाला जात आहोत' एवढीच कारणे. त्या बाईंनी त्यांतले कोणते निवडावे?

मला आमच्या लहानपणीची फूलवाली आठवली. आजोबा गेले त्या दिवशी दाराबाहेरच्या चपला पाहून ती फाटकातूनच परत गेली. तेरावा झाल्यावर दुसऱ्या सकाळी पुडी कडीला होती. मधल्या दिवसांचे पैसे तिने मागितले नाहीत की काही विचारले नाही.

'थांबवा' ही कळ पहिल्याच पडद्यावर हवी आणि कारण विचारू नये, असा आग्रह मी बैठकीत धरला. तो मान्य झाला नाही. थांबणे सोपे केले तर लोक थांबतील, असे उत्तर मिळाले, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पुढे 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या वा अडकवणाऱ्या रचनांचे 13 प्रकार त्यांत दिले आहेत. वर्गणीचा सापळा, म्हणजे बाहेर पडण्याची वाट लपवणे किंवा अवघड करणे, हा त्यांतलाच एक. मग आमची कळ पहिल्या पडद्यावर आली. माझ्या युक्तिवादाने नव्हे, हे आपल्यासमोर कबूल करायला हवे. कारणांची यादी आणि सहाचा संदेश मात्र मी हट्टाने काढून टाकले.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. पुडी थांबली, की पुन्हा सुरू कधी करायची? तेराव्या दिवशी आपण होऊन विचारावे, तर घर गावाला गेलेले असू शकते, किंवा वर्षभर सण न करणारे असू शकते. विचारूच नये, तर काही जण विसरतात आणि मग 'तुम्ही फुले का पाठवली नाहीत?' म्हणून रागावतात. सध्या आम्ही काहीच विचारत नाही; 'सुरू करा' ही कळ तेवढी तिथे असते. त्या सूनबाईंनी ती दोन महिन्यांनी दाबली. पहिल्या दिवशी त्यांनी एक मूर शेवंती मागवली होती. त्यांचे सासरे रोज झेंडू घेत असत.