मुक्या यंत्राचा दुभाषी

पेण आणि रोहें हीं दोन्ही गांवें जुनीं. पेणच्या बाजूचीं मिठागरें व खारवट भातशेतें, रोह्यास कुंडलिकेच्या कांठची शेतीवाडी, यांच्या वहिवाटीचे कागद जुन्या घराण्यांच्या पेट्यांत अद्यापि सांपडतात; कांहीं मोडींत, कांहीं बाळबोधींत. कोंकणचा पावसाळा या कागदांचा वैरी. दमट हवेनें त्यांवर बुरशी चढते, घडीवर ते फाटतात, आणि उरलेलें काम वाळवी पुरें करते. असे कागद काचेवर पालथे ठेवले म्हणजे त्यांचें हुबेहूब चित्र संगणकांत उतरविणारें स्कॅनर नांवाचें यंत्र पुष्कळ घरांत आहे. परंतु तें माळ्यावर धूळ खात पडलेलें असतें. यंत्र मोडलें काय? नाहीं. दिवा लागतो, काचेखालची पट्टी सरकते. नवा संगणक मात्र त्यास ओळख देत नाहीं.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. परमुलखाचा वकील दरबारीं आला म्हणजे दुभाष्यावांचून बोलणें खुंटतें. स्कॅनर व संगणक यांच्यामध्यें असाच एक दुभाषी लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. २००१ सालच्या विंडोज एक्सपीच्या काळांतील बहुतेक ड्रायव्हर ३२ बिट पद्धतीचे होते. ६४ बिट विंडोज असा ड्रायव्हर मुळींच स्वीकारीत नाहीं, आणि २०२१ सालीं आलेली विंडोज ११ तर केवळ ६४ बिटच आहे. विकून झालेल्या यंत्रासाठीं नवा दुभाषी तयार करण्यांत कारखानदारास लाभ नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली. त्यामुळें संगणक बदलणाऱ्या घरांपुढें हा प्रश्न पुन्हां उभा राहतो.

उपाय तीन आहेत. पहिला, लिनक्स ही विनामूल्य प्रणाली. तिच्यासाठीं ‘सेन’ नांवाचा ड्रायव्हरांचा संग्रह स्वयंसेवकांनीं रचिला आहे. कोणतें यंत्र पूर्ण चालतें, कोणतें अर्धवट, कोणतें मुळींच नाहीं, याची यादीही त्यांनीं ठेविली आहे. कॅननचा लाइड २० हा जुना पातळ स्कॅनर तींत आहे. दुसरा, व्ह्यूस्कॅन हा विकतचा कार्यक्रम. तो हजारों जुन्या स्कॅनरांशीं स्वतःच बोलतो. पैसे भरण्यापूर्वी नमुन्याची प्रत चालवून पाहावी. चित्रावर खूण उमटते, पण यंत्र चालतें कीं नाहीं तें कळतें. तिसरा, जुना संगणकच या एका कामासाठीं राखून ठेवणें. मात्र देखभाल थांबलेल्या अशा संगणकास इंटरनेट जोडूं नये. छपाईयंत्राच्या रुंद, पंचवीस खिळ्यांच्या जोडणीचा स्कॅनर असल्यास बहुधा हाच मार्ग उरतो. कारण बाजारांत मिळणारे जोड सामान्यतः छपाईपुरतेच असतात.

तथापि दुभाष्यास दोष देण्यापूर्वी यंत्राची पाहणी करावी. ने-आण करतांना पट्टी हलूं नये म्हणून अनेक स्कॅनरांस तळाशीं किंवा बाजूस कुलुपाची कळ असते, ती उघडावी. तार बदलून पाहावी. अनोळखी ठिकाणाहून फुकट ड्रायव्हर मात्र कदापि घेऊं नये. त्या वेषांत संगणकाचा चोर घरांत शिरतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षां नवें यंत्र कां घेऊं नये, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, जुन्या जाड स्कॅनरांपैकीं पुष्कळांत आरसे व भिंग असतें. म्हणून काचेपासून किंचित् उचललेला कागद, घडीची सुरकुती अथवा बांधीव वहीचा कणा त्यांस बराच स्पष्ट दिसतो. पातळ स्कॅनरांत ही सोय कमी. शिवाय चालतें यंत्र केवळ भाषेच्या अडचणीनें भंगारांत घालणें हा अपव्ययच होय.

यंत्र थांबूं शकतें. कागद थांबत नाहीं. तेव्हां मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी माळ्यावरचा स्कॅनर खालीं उतरवावा, त्यास योग्य दुभाषी मिळवून द्यावा, आणि सर्वांत जीर्ण कागद सर्वांआधीं काचेवर ठेवावा.