संगणकाचे चुकलेले घड्याळ



आज मी आपल्याशी एका लहानशा दुखण्याविषयी बोलणार आहे. दुखणे लहान खरे, पण त्यापायी आमच्या शाळेत चार माणसांना दोन रात्री जागावे लागले. संगणकाचे घड्याळ चुकले म्हणजे काय होते, सकाळी यंत्र सुरू होताना जी कामे आपोआप होतात त्यांत बिघाड कसा शिरतो, आणि तो शोधावा कसा, हे मला सांगायचे आहे. माझे बोलणे लिनक्स या प्रणालीपुरते आहे. फिनलंडमधल्या लिनस टोर्व्हाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते, म्हणून शाळांना ती परवडते.

आधी घडले ते सांगतो. २०२३ सालची दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली, मी संगणक चालू केला, तर यंत्र अर्ध्यावरच अडून बसले. पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. त्याचा अर्थ असा, की ‘ही डिस्क शेवटची जोडल्याची वेळ भविष्यकाळातली दिसते, हाताने तपासणी करा.’ मला हसू आले. दिवाळीपूर्वी वापरलेली डिस्क भविष्यातली कशी होईल? बाहेर मुले ओळीने उभी होती, तास सुरू व्हायचा होता. मी घाईघाईने ती तपासणीच कायमची बंद करून टाकली. यंत्र सुरू झाले. मला वाटले, आपण जिंकलो!

आता त्याच यंत्रात मी एक स्क्रिप्ट लिहून ठेवलेली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने एकामागून एक पाळायच्या सूचनांची यादी. सकाळी यंत्र सुरू झाले, की दहावीच्या मुलांच्या अंतर्गत गुणांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, आणि तिला त्या दिवसाच्या तारखेचे नाव द्यायचे, असे ते काम होते. दुपारी दुसरी स्क्रिप्ट चाले. जागा अडू नये म्हणून महिन्याहून जुन्या प्रती ती काढून टाकी. व्यवस्था चोख होती. निदान मला तसे वाटत होते.

फेब्रुवारीत एकदा काम चालू असताना वीज गेली आणि मुख्य डिस्क बिघडली. मी निर्धास्त होतो. प्रती आहेतच की! दुसरी डिस्क उघडली, तर प्रतींचा कप्पा रिकामा. एकही प्रत नाही.

श्रोतेहो, त्या क्षणी माझे काय झाले असेल ते सांगत नाही. सुदैवाने आमच्या विषय-शिक्षकांनी गुणांच्या कागदी याद्या टाकून दिलेल्या नव्हत्या. त्या समोर ठेवून आम्ही चौघांनी दोन रात्रींत सगळे गुण पुन्हा भरले. मुलांचे नुकसान टळले. पण प्रती गेल्या कुठे, हे कोडे उरलेच.

त्याचे उत्तर समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्या. संगणकात घड्याळे दोन असतात. पहिले यंत्राच्या मुख्य पाटीवर बसवलेले. संगणक बंद असतानाही ते चालते. त्यात गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करीत गेलात, तर शेवटी एक उरतो. म्हणून तिच्यावरून सेकंद मोजणे सोपे जाते. यंत्राची वीज तोडली, की हे घड्याळ एका चपट्या बटण-सेलवर चालते.

दुसरे घड्याळ लिनक्सचे स्वतःचे. ते फक्त संगणक चालू असेपर्यंत असते. १ जानेवारी १९७० या दिवसाच्या आरंभापासून किती सेकंद लोटले, एवढेच ते मोजते. तो आरंभ जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे धरलेला आहे. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. सकाळी यंत्र सुरू झाले, की हे दुसरे घड्याळ पहिल्याला वेळ विचारते आणि मग आपले आपण चालू लागते. पहिल्याने चुकीचे सांगितले, तर दुसरे तेच खरे मानते.

आमच्या शाळेत रोज संध्याकाळी मुख्य बटण बंद करण्याची रीत आहे. वीज वाचते, ही गोष्ट चांगलीच. पण त्यामुळे पाटीवरचे घड्याळ रात्रभर त्या सेलवरच राहते. आमचा सेल दिवाळीच्या सुट्टीत पुरता संपला. मग रोज सकाळी यंत्र उठे, ते १ जानेवारी २०१० ही तारीख घेऊन. त्या दिवशीची प्रत त्याच तारखेच्या नावाने ठेवली जाई. अकराच्या सुमारास इंटरनेट जोडले जाई, तेव्हा घड्याळ बाहेरून खरी वेळ घेऊन सुधारे. दुपारची स्क्रिप्ट येई ती खऱ्या तारखेत. तिला सकाळची प्रत तेरा वर्षांची जुनी दिसे, आणि दिलेल्या हुकमाप्रमाणे ती तिला पुसून टाकी! दिवाळीपूर्वीच्या चांगल्या प्रती महिनाभरात खरोखरच जुन्या झाल्या, त्याही गेल्या.

कोणतीही स्क्रिप्ट चुकली नव्हती. दोघींनी सांगितलेले काम बिनचूक केले. चुकला तो मी. पहिल्या दिवशी यंत्र मला ओरडून सांगत होते, की ‘वेळेचा घोळ आहे.’ मी कारण शोधले नाही, त्याचे तोंड बंद केले. माझ्या आजच्या बोलण्याचे सार काय ते हेच आहे. संदेश नकोसा वाटला, तरी तो साक्षीदार आहे. त्याला आधी बोलू द्या.

आता उपायाकडे वळू. यंत्र कुरकुर करू लागले, की सर्वांत आधी तारीख विचारा. ‘डेट’ ही आज्ञा दिली, की लिनक्सचे घड्याळ दिसते. ‘एचडब्ल्यूक्लॉक’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिली, की पाटीवरचे दिसते. नव्या आवृत्त्यांत ‘टाइमडेटसीटीएल’ ही एकच आज्ञा दोन्ही वेळा शेजारी शेजारी दाखवते. त्या आपल्या मोबाईलवरच्या वेळेशी ताडून पाहा. फरक किती आहे, यावरूनच दुखणे ओळखता येते.

फरक वर्षांचा असेल, तर सेलवर संशय घ्या. मुख्य बटण बंद ठेवल्यावर किंवा लांब सुट्टीनंतरच घड्याळ चुकत असेल, तर संशयाला फारशी जागा उरत नाही. इथे एक सावधगिरी सांगतो. सिस्टिमडी वापरणाऱ्या नव्या लिनक्समध्ये घड्याळ त्या प्रणालीच्या स्वतःच्या जन्मतारखेच्या मागे जाऊ दिले जात नाही. म्हणून तिथे १९७० किंवा २०१० असले साल दिसणार नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीची, अगदी खरी वाटेल अशी तारीख दिसेल. नुसते साल ‘बरे दिसते’ म्हणून पुढे जाऊ नका. दिवस आणि तासही पाहा.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर सेल निर्दोष आहे. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली असल्या, की हा प्रकार घडतो. विंडोज पाटीवरच्या घड्याळात आपली भारतीय वेळ लिहिते. लिनक्स त्या घड्याळातली वेळ जागतिक समजते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवते. मग सकाळी अकरा वाजता पडद्यावर दुपारचे साडेचार दिसतात. दोघींपैकी एकीची समजूत बदलली, की भांडण मिटते. यंत्रावर एकटी लिनक्स असेल, तर पाटीवरची वेळ जागतिकच ठेवावी, हे उत्तम.

फरक काही मिनिटांचाच असेल, तर स्फटिक थोडा मागेपुढे चालतो आहे. त्याला इलाज म्हणजे जाळ्यावरून वेळ घेणे. त्यासाठी एनटीपी नावाची पद्धत आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाने ती १९८५ साली प्रसिद्ध केली. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, आणि जाळ्यावरून ती वेळ पुरवतेही.

सेल बदलणे अवघड नाही. बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ हा सेल असतो. हे आकडे म्हणजे त्याचे माप: रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. वीज पूर्ण तोडा, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, जुना सेल काढण्यापूर्वी त्याची अधिकची बाजू कुठे आहे ते पाहा, आणि नवा तसाच बसवा. मग तारीख नीट लावा. एक सूचना मात्र विसरू नका. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला, तर अन्ननलिकेला थोड्याच वेळात गंभीर इजा होते. तो कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. आणि चुकून कोणी गिळलाच, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता आपण विचाराल, घड्याळ बरोबर आहे आणि तरीही सकाळची स्क्रिप्ट चालत नाही, मग काय करावे? अशा वेळी पहिला नियम असा. शेवटचा संदेश वाचू नका, पहिला वाचा. एक बिघाड झाला, की त्याच्यामागून दहा येतात. मूळ पहिल्यात असते. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा, थोडी जागा सोडून वजाचे चिन्ह आणि त्याला जोडून ‘बी’ हे अक्षर, एवढे लिहिलेत, की आज सकाळपासूनची सगळी नोंद समोर येते. संदेश वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या. ‘काहीतरी एरर आली’ असे सांगितलेत, तर जाणकारालाही मदत करता येत नाही.

दुसरे, स्क्रिप्टची पहिली ओळ तपासा. ही यादी कोणी वाचायची, हे त्या ओळीत सांगितलेले असते. ती हॅशचे चिन्ह आणि उद्‌गारचिन्ह यांनी सुरू झाली पाहिजे. त्यापूर्वी रिकामी जागासुद्धा नको.

तिसरे, फाइलला चालण्याची परवानगी आहे का पाहा. लिनक्समध्ये वाचण्याची परवानगी वेगळी आणि चालवण्याची वेगळी.

चौथे दुखणे फसवे आहे. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून आणली असेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जादा चिन्ह येते. मग फाइल डोळ्यांसमोर असूनही यंत्र म्हणते, ‘अशी फाइल नाही.’ ‘डॉस-टू-युनिक्स’ नावाची लहानशी आज्ञा ती चिन्हे काढून टाकते.

पाचवे असे. तीच स्क्रिप्ट तुम्ही हाताने चालवलीत तर चालते, आणि सकाळी आपोआप चालत नाही. कारण सकाळी यंत्राला तुमच्या नेहमीच्या वाटा ठाऊक नसतात. म्हणून प्रत्येक आज्ञेचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. शिवाय त्या वेळी जाळे जोडलेले नसते, दुसरी डिस्कही कदाचित लागलेली नसते. ज्या कामाला खरी वेळ लागते, ते काम घड्याळ जुळल्यानंतरच सुरू व्हावे, असे सिस्टिमडीला सांगता येते. तसे सांगा.

आमच्या स्क्रिप्टमध्ये आता मी तीन ओळी वाढवल्या आहेत. पहिली ओळ घड्याळ जाळ्याशी जुळले आहे का, हे विचारते. नसेल, तर काम थांबवते आणि तशी नोंद करते. दुसरी ओळ नवी प्रत खरोखर झाली की नाही, हे पाहते. तिसरी ओळ, निदान दहा प्रती शिल्लक असल्याशिवाय जुनी प्रत पुसू देत नाही. आणि महिन्यातून एकदा मी स्वतः एखादी प्रत उघडून पाहतो. उघडून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखीच.

वेळेचा घोळ शाळेतल्या यंत्रांतच होतो, असे समजू नका. ३० जून २०१२ रोजी जागतिक वेळेत एक जादा सेकंद घालण्यात आला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट होती. त्या एका सेकंदाने जगभरातले कितीतरी मोठमोठे लिनक्स संगणक गांगरले, आणि कित्येकांवरचा उपाय काय, तर घड्याळ नुसते पुन्हा लावणे! पुढचा प्रसंगही ठरलेला आहे. जी जुनी यंत्रे सेकंदांचा हिशेब बत्तीस बिटांच्या लहान कप्प्यात ठेवतात, त्यांचा कप्पा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो. आज पाचवीत बसणारी मुले तोवर कर्ती झालेली असतील. त्यांना हे आत्ताच सांगून ठेवायला हरकत नाही.

शिक्षक मित्रांनो, संगणकाच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवा. त्यावर एवढेच लिहा: आधी तारीख पाहा, पहिला संदेश वाचा, तो वहीत लिहा, समजल्याशिवाय काही बंद करू नका. आणि गुणांच्या कागदी याद्या जपून ठेवा. त्या होत्या, म्हणून आमची मुले वाचली.