स्वतःसाठी एक घटका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. विद्वानांच्या या व्यासपीठावरून उपदेश करण्याचा अधिकार मजजवळ नाही. तथापि आयुष्यात घडलेली एक चूक आपणापुढे मांडावी, म्हणजे ती दुसऱ्या घरी घडणार नाही, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

आपल्या समाजात उद्योगीपणास फार मान आहे आणि तो योग्यच आहे. आपल्या वाडवडिलांनी कष्टानेच घरे उभी केली. परंतु कष्टाचा गौरव करता करता विसाव्यास आळस म्हणण्याची खोड आपणास लागली. पुरुष दुपारी घटकाभर लवंडला तर लोक हसतात. स्त्री लवंडली तर बोल लावतात.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०११ साली ज्येष्ठ कन्येचा विवाह ठरला. माझ्या पत्नीचे डोके त्यापूर्वी कित्येक महिने दुखत असे. मी एकदोनदा दवाखान्यात चलण्यास सुचविले. "लग्न पार पडू द्या, मग पाहू," असे तिने म्हटले आणि मीही ते सोयीचे म्हणून मानले. लग्न पार पडले. पाहुण्यांची पाठवणी झाली. चौथ्या दिवशी पहाटे ती चुलीपाशी कोसळली आणि तिचे उजवे अंग गेले. रक्तदाब बहुधा बऱ्याच दिवसांपासून वाढलेला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. रक्तदाब पुष्कळदा काहीच लक्षण न दाखविता वाढत राहतो. तो मोजल्यावाचून कळत नाही. मोजण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे आम्हांस मिळाली नव्हती.

त्यानंतर ती दोन वर्षे होती. भाकरी थापण्यास मी त्या वयात शिकलो. एके दुपारी मी तिला उशीस टेकवून बसवीत असता ती अडखळत म्हणाली, "इतक्या वर्षांत मला 'बस' असं कुणी म्हटलं नाही. बसायला आजारच यावा लागला." चौतीस वर्षे मी वर्गातील मुलांना "बसा" म्हणत आलो, घरात तो शब्द माझ्या तोंडी एकदाही आला नाही.

विश्रांती ही श्रीमंतांची चैन होय, असे कोणी म्हणेल. इतिहास तसे सांगत नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी कामगार आठवड्याचे सातही दिवस उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली या कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या मागण्या साध्या होत्या : आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि पगार वेळेवर. एप्रिल १८९० मध्ये भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. यास्तव ज्या रविवारी आपण आज हे संमेलन भरविले आहे, तो आयता मिळालेला नव्हे. गरीब कष्टकऱ्यांनी तो मागून आणि झगडून घेतलेला आहे. खेद इतकाच की तो गिरणीपर्यंत आला, कचेरीपर्यंत आला, शाळेपर्यंत आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मात्र थांबला. उलट रविवारी तेथे काम वाढते!

आपण शेतकरी जिल्ह्यातील माणसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदमळणी करतो. जुवाने सोललेल्या खांद्यास हळद व तूप लावतो, आणि पोळ्याच्या दिवशी त्या खांद्यावर जू ठेवीत नाही. मुक्या जनावराच्या खांद्याची ज्यास आठवण राहते, त्या शेतकऱ्यास घरातील माणसांच्या खांद्याची आठवण का राहू नये?

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "आपल्या गंगाखेडची जनाबाई पाहा, दळिता कांडिता तिने देव मिळविला. तिने कुठे विश्रांती मागितली?" त्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की ती कथा पुरती आठवावी. त्या कथेत देवाने जनाबाईस अधिक राबण्याचा उपदेश केला नाही; त्याने स्वतः जात्याचा खुंटा धरला. जनाबाईचे नाव घेऊन सुनेला कामास लावणाऱ्याने आधी विठ्ठलाचे अनुकरण करावे.

आता उपाय. जुन्या कालगणनेप्रमाणे दिवसाच्या साठ घटका होतात. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. साठांतील एकोणसाठ संसारास द्याव्या, एक स्वतःस ठेवावी. त्या घटकेत कोणी फिरावयास जावे, कोणी वाचावे, कोणी ओसरीवर नुसते बसावे. मात्र भ्रमणध्वनी हाती नसावा. तो विसाव्याचे सोंग घेऊन वेळ खातो. जेवण उभ्याने उरकू नये. झोप निदान सात तास व्हावी. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजवून घ्यावा, आणि घरातील स्त्रियांचा आधी मोजावा, कारण त्या स्वतः होऊन सांगत नाहीत.

हा स्वार्थ आहे काय, असे भगिनींच्या मनात येईल. नाही. आडातच पाणी नसेल तर पोहऱ्यात कोठून यावे? आपण थकून पडलात तर ज्यांच्यासाठी राबलात त्यांचेच हाल होतात. हे मी दोन वर्षे पाहिले आहे.

मंडळास माझी एक विनंती आहे. पुढील संमेलनात मंडपाच्या दाराशी, अक्षता व गुलाबपाण्याच्या शेजारी, रक्तदाब मोजण्याचे एक टेबल मांडावे. तसेच त्या दिवशी पंक्तीस वाढण्याचे काम पुरुषांनी करावे आणि पहिली पंगत स्त्रियांची बसवावी. वाढपी म्हणून मी माझे नाव आजच देतो.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या आईस, पत्नीस, सुनेस एवढेच म्हणावे, "बस जरा." मला हे म्हणावयास उशीर झाला. आपणास अजून वेळ आहे.