पतिराज आणि घरातला पडदा

‘मालिका’ म्हटलं की आपण नाक मुरडतो, मीही त्यातलाच. म्हणून आज श्रीलंकेतल्या एका माणसाबद्दल बोलायचंय, धर्मसेन पतिराज.

१९७४ च्या ‘अहस् गव्व’मध्ये त्यांनी शहरातल्या बेकार तरुणांची गोष्ट सांगितली. जाफनाच्या विद्यापीठात शिकवत असताना, स्वतः सिंहली असूनही, त्यांनी १९७७ मध्ये ‘पोन्मणी’ हा तमिळ चित्रपट केला. १९८१ च्या ‘सोल्दादु उन्नॅहे’त एक म्हातारा सैनिक, एक वेश्या, एक दारुडा आणि एक पाकीटमार आहे. देशाला स्वातंत्र्य मिळालं खरं, पण या चौघांना काय मिळालं, असा त्याचा प्रश्न.

असे चित्रपट काढायला पैसा सहज मिळत नाही. त्यानंतर बराच काळ ते मुख्यतः टीव्हीसाठी काम करत राहिले. ‘एल्ल लंग वलव्व’, म्हणजे धबधब्याजवळचा वाडा, आणि मग १९९० च्या दशकात गाजलेली ‘कडुल्ल’. ब्रिटिश अमदानीत नव्याने वर आलेल्या वर्गाची ती कहाणी. सत्ता आणि पैसा माणसाला कसा बदलतो, हे दोन तासांत मावत नाही. त्याला आठवड्यामागून आठवडे लागतात, आणि ते मालिकेकडे असतात.

मला वाटतं, पतिराज टीव्हीवर आले म्हणून लहान झाले नाहीत. प्रश्न तेच राहिले, फक्त ते तिकीट न काढणाऱ्यांच्याही घरात पोचले. २०१८ मध्ये ते गेले. माध्यम छोटं म्हणून आपण विचारही छोटा करायचा का? तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.