मास्तरांचे पत्र

कायद्याची पदवी हाती आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली बहुतेक मुले काळा कोट चढवतात किंवा एखाद्या कंपनीत नोकरी धरतात. थोडीच एलएलएमचा अर्ज भरतात. मग घरातून हमखास विचारले जाते, "एवढे शिकून शेवटी मास्तरच होणार ना?" या प्रश्नाला उत्तर म्हणून एका मास्तरांची कारकीर्द पाहू.

डॉ. उपेंद्र बक्षी मूळचे राजकोटचे. एलएलएम त्यांनी मुंबई विद्यापीठातून केले. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कले येथे डॉक्टरेट मिळवली, सिडनीत शिकवले आणि १९७३ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले. राज्यघटना हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा.

१९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकार दिसत नव्हता, तेव्हा संमती असली पाहिजे, असा निकालाचा सूर होता. हाच तो 'मथुरा खटला'.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. धाकापुढे मान तुकवणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. निकाल काही बदलला नाही. पण देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीत शरीरसंबंध आल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने न्यायालयात 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, असे ठरले.

१९८१ मध्ये बक्षी आणि लोतिका सरकार यांनी आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातील हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याचा हक्क असा बंद दारांमागच्या स्त्रियांपर्यंत पोहोचला.

आता प्रवेशाकडे वळू. राज्यातील महाविद्यालयांसाठी सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, या दोन्ही परीक्षांत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. कलमे आणि निकाल पाठ असले की गुण मिळतात. पण एखादा निकाल चुकला आहे, हे सभ्य शब्दांत आणि पुराव्यानिशी लिहिता येते का, हे तिथे तपासले जात नाही. एलएलएम आता अनेक ठिकाणी एका वर्षात उरकते. त्यानंतर सहायक प्राध्यापक व्हायला नेट, सेट किंवा पीएचडी लागते. लेखनाची सवय लागायला उसंत कुठे मिळणार?

म्हणून अर्ज भरणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. संस्थेचे नाव आणि फी तर पाहाच, पण प्रबंधाला मार्गदर्शन कोण करणार, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हेही विचारा. महिन्याला एक निकाल मुळातून वाचा आणि त्यावर दोन पाने लिहा. डोंबिवली ते फोर्ट या प्रवासात वाचन नक्कीच होते, लिहायला मात्र घरी टेबलाशी बसावे लागेल.

आणि घरच्यांनी 'मास्तरच ना?' असे विचारले, तर त्या चौघांच्या पत्राची गोष्ट त्यांना जरूर सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)